नियमांच्या मसुद्यावर इंदूरहून सूचना पाठवताना

केंद्र सरकार एखाद्या कायद्याचे नियम करण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करते आणि लोकांकडून हरकती व सूचना मागवते, हे मी वर्तमानपत्रांत अनेकदा वाचले होते. त्या सूचना कोण पाठवतो, त्या कशा लिहायच्या असतात आणि पुढे त्यांचे काय होते, याची मात्र मला काहीच कल्पना नव्हती. २०२५ साली ते सगळे मला करावे लागले. आमच्यासारख्या लहान संस्थांतल्या कोणावर उद्या हीच वेळ आली, तर त्याला निदान वाट माहीत असावी, म्हणून हा अनुभव क्रमाने लिहून ठेवत आहे.

इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीत आम्ही काही जण मिळून मुलांसाठी एक छोटे वाचनालय चालवतो. संस्था मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदलेली आहे आणि मी तिची कार्यवाह आहे. दर रविवारी पुस्तकांची देवघेव होते, त्यानंतर तासभर गोष्टी, वाचन आणि थोडे शुद्धलेखन चालते. येणारी मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळांतली असल्यामुळे मराठी वाचनाची त्यांची सवय बहुधा इथेच लागते. सदस्यांची नोंद पूर्वी जाड बांधणीच्या रजिस्टरमध्ये असे. पुढे आमच्यातल्या तरुण मंडळींनी ती गुगल शीटमध्ये उतरवली: मुलाचे नाव, जन्मतारीख, शाळा, आईवडिलांचा मोबाइल क्रमांक आणि त्याने नेलेली पुस्तके.

३ जानेवारी २०२५ रोजी इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. मूळ अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती ११ ऑगस्ट २०२३ रोजीच मिळाली होती, पण नियमांअभावी तो अमलात आलेला नव्हता. पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या माझ्या भाच्याने मसुद्याचा दुवा पाठवला आणि सोबत एवढेच लिहिले की मावशी, यात लहान मुलांविषयी एक नियम आहे, तुमच्या वाचनालयाला लागू होईल असे वाटते, बघून घे.

मी बघितले आणि खरे सांगायचे तर घाबरले. अधिनियमात अठरा वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती मूल आहे. मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी लागते आणि ती पडताळता येईल अशी असावी लागते, असे कलम ९ सांगते. मुलांवर पाळत ठेवणे, त्यांच्या वर्तनाच्या नोंदी करणे आणि त्यांना उद्देशून जाहिराती करणे यांनाही ते मनाई करते. मुलांविषयीच्या या जबाबदाऱ्या मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. आमच्या संस्थेची वर्षाची सगळी वर्गणी त्या आकड्यापुढे सांगण्यासारखीही नाही.

संक्रांतीच्या तिळगुळाच्या निमित्ताने कार्यकारिणी जमली, तेव्हा मी हा विषय मांडला. आमच्या अध्यक्षांनी, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, लगेच विचारले की मग पुन्हा रजिस्टरच का वापरू नये. हा प्रश्न भाबडा नव्हता. अधिनियम डिजिटल स्वरूपात गोळा केलेल्या किंवा कागदावर गोळा करून नंतर डिजिटल केलेल्या माहितीलाच लागू होतो. तीच नावे, त्याच जन्मतारखा, तेच हस्ताक्षर रजिस्टरमध्ये असेपर्यंत आम्ही कायद्याच्या बाहेर होतो. शीटमध्ये उतरवले की आत आलो. परंतु कोणते मूल कोणत्या पुस्तकावर अडले, कोण दोन महिने आले नाही, हे शीटमुळेच आम्हाला दिसू लागले होते आणि ते सोडायला मन तयार होत नव्हते. शेवटी असे ठरले की आधी मसुदा नीट वाचावा आणि मुदतीत सूचना पाठवावी. ते काम माझ्याकडे आले.

मसुद्यात २२ नियम आणि ७ अनुसूची होत्या. मी मसुदा आणि अधिनियम, दोन्हींच्या छापील प्रती काढल्या. झेरॉक्सवाल्याकडे दोनेकशे रुपये झाले असतील, आणि या सगळ्या प्रवासातला मोठा म्हणावा असा खर्च तेवढाच. सूचना पाठवायला कोणतेही शुल्क नसते. नियम वाचायचे असतील तर अधिनियम शेजारी उघडा ठेवावाच लागतो, कारण नियम ‘कलम ९च्या पोटकलम (१) प्रमाणे’ असे म्हणून पुढे जातात आणि ते पोटकलम समोर नसेल तर वाक्याचा अर्थ हाती येत नाही. राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत असते. मी पहिले वाचन यांत्रिक भाषांतर करून मराठीत केले, त्यामुळे विषयाचा आवाका पटकन आला, पण एकही निष्कर्ष त्या भाषांतरावरून काढला नाही. प्रत्येक शंकेसाठी इंग्रजी मजकुराकडे परत गेले. मसुद्यासोबत मंत्रालयाने सोप्या इंग्रजीत स्पष्टीकरणात्मक टिपण दिले होते. नवख्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी.

वाचता वाचता भीती थोडी निवळली. २०० कोटी ही कमाल मर्यादा आहे. दंड ठरवताना उल्लंघनाचे स्वरूप, गांभीर्य आणि कालावधी, तसेच दंडाचा त्या व्यक्तीवर होणारा संभाव्य परिणाम डेटा संरक्षण मंडळाने, म्हणजे या कायद्याखाली दंड ठरवणाऱ्या संस्थेने, विचारात घ्यावा, असे कलम ३३ सांगते. मसुद्याच्या चौथ्या अनुसूचीत काही वर्गांना कलम ९च्या काही बंधनांतून मर्यादित सूट आहे: रुग्णालये, शैक्षणिक संस्था, पाळणाघरे, शाळेची वाहतूक करणारे. शैक्षणिक संस्थेला ही सूट शैक्षणिक कामासाठी किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठी ठेवलेल्या देखरेखीपुरती आहे. शिक्षण देणारी संस्था म्हणजे शैक्षणिक संस्था, अशी तिथली व्याख्या. मग रविवारी तासभर वाचन घेणारे वाचनालय शिक्षण देते की देत नाही? मुलाने कोणती पुस्तके नेली याची नोंद ही त्याच्या वर्तनाची नोंद ठरते का? मजकुरात याचे उत्तर नव्हते, आणि तिथेच मला जाणवले की आमच्याकडे सांगण्यासारखे काहीतरी खरोखर आहे.

पण सांगायचे कसे? माझा पहिला खर्डा म्हणजे एक लांबलचक पत्र होते: संस्था किती जुनी, किती कष्टाने चालते, सरकारने आमच्यासारख्यांचा विचार करावा. ते घेऊन मी राज्य सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेल्या, आमच्याच परिचयातल्या एका काकांकडे गेले. त्यांनी आयुष्यभर फायली हाताळल्या आहेत. पूर्वी राजपत्र पाहायला कार्यालयात जावे लागे, सूचना रजिस्टर्ड पोस्टाने दिल्लीला पाठवावी लागे आणि बातमी आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत मुदत बहुधा संपलेली असे, हे त्यांनी सांगितले. माहिती अधिकार अधिनियम, २००५च्या कलम ४ मध्ये महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित तथ्ये प्रसिद्ध करण्याचे बंधन आधीपासून होते. २०१४ साली केंद्राने कायद्यापूर्वीच्या विचारविनिमयाचे धोरण ठरवले: मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, सोप्या भाषेत टिपण द्यावे, आलेल्या सूचनांचा सारांश संकेतस्थळावर द्यावा. त्याच वर्षी २६ जुलैला मायगव्ह हे नागरिकांची मते मागवणारे सरकारी संकेतस्थळ सुरू झाले. इंदूरच्या रामबागेतल्या बाईला दिल्लीच्या मसुद्यावर घरबसल्या लिहिता यावे, ही सोय तेव्हापासूनची.

त्यांनी माझे पत्र बाजूला ठेवले आणि एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखले: नियम क्रमांक, अडचण, सुचवलेला मजकूर, कारण. सूचना नियमनिहाय मागवल्या आहेत, म्हणजे तिकडे बसलेला अधिकारी त्या नियमनिहायच लावणार. ज्या मजकुराला नियमाचा क्रमांक नाही तो ‘सर्वसाधारण’ या गठ्ठ्यात जातो आणि ज्यात पर्यायी मजकूर नाही त्यावर नोंद लिहिणे अधिकाऱ्याला जड जाते, असे त्यांचे म्हणणे होते. मला सुरुवातीला हे रुचले नाही. माणसाने आपली व्यथा सांगावी आणि मजकूर सरकारने करावा, असे मला वाटत असे. पण रकाने भरायला बसले तेव्हा कळले की अडचण नेमकी कुठल्या शब्दात आहे ते ठरवल्याशिवाय दुसरा रकानाच भरता येत नाही. पाच पानांच्या पत्रातून तीन सूचना उरल्या.

पहिली सूचना नियम १० विषयी होती. पालकांची ओळख कशी पडताळावी यासाठी मसुद्यात चार उदाहरणे दिली होती आणि ती सगळी ऑनलाइन खाते उघडण्याची होती: पालकाने संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर स्वतःची ओळख द्यावी, मग तिची विश्वासार्ह माहितीशी किंवा डिजिटल लॉकरमार्फत पडताळणी व्हावी. आमच्याकडे आई मुलाचे बोट धरून टेबलासमोर उभी असते आणि आम्ही तिला ओळखतो. पालक प्रत्यक्ष हजर असताना संस्थेने ओळखपत्र पाहून घेतलेली लेखी संमतीही पडताळलेली मानावी, असे आणखी एक उदाहरण जोडावे, असे मी लिहिले आणि उदाहरणाचा मजकूर त्यांच्याच धाटणीत करून दिला. दुसरी सूचना चौथ्या अनुसूचीची: शैक्षणिक संस्थेच्या व्याख्येत सार्वजनिक व स्वयंसेवी ग्रंथालयांचा स्पष्ट उल्लेख असावा. तिसरी भाषेची होती. संमती मागताना पालकांना दिलेली सूचना, म्हणजे नोटीस, इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय अधिनियमाने दिला आहे. अनुसूचीत २२ भाषा आहेत आणि मराठी त्यांत आहे. मग या नोटिशीचा नमुना मंत्रालयानेच सर्व भाषांत तयार करून द्यावा, म्हणजे लहान संस्थांना वकिलाकडे धावावे लागणार नाही, एवढीच विनंती. सूचना मी इंग्रजीत लिहिल्या आणि कार्यकारिणीसाठी मराठी प्रत केली.

मुदत १८ फेब्रुवारीची होती. ती पुढे ५ मार्चपर्यंत वाढली, पण वाढीच्या भरवशावर कोणी राहू नये असे मी आग्रहाने सांगेन. मी मूळ मुदतीच्या आधीच्या आठवड्यात बसले. आधी मायगव्हवर खाते उघडून ठेवले. मजकूर वेगळ्या फाइलमध्ये पूर्ण करून, एकदा दुसऱ्याकडून वाचून घेऊन, मगच तिथे चिकटवला. पाठवल्यानंतर पडद्यावर जे आले त्याचे छायाचित्र काढून संस्थेच्या फाइलला लावले. संस्थेच्या वतीने पाठवत असाल तर कार्यकारिणीचा ठराव आधी करून घ्यावा. आम्ही तो केला होता आणि त्यामुळे नंतर कोणाला काही विचारावे लागले नाही. बटण दाबल्यावर मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. ज्या घरात सरकारदरबारी अर्ज म्हणजे रेशनकार्ड किंवा वीजबिलाचा, त्या घरातून कायद्याच्या शब्दांविषयी काही गेले होते.

त्यानंतर रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, झाली, मार्च उलटला, उन्हाळ्याच्या सुट्टीतले वर्ग झाले, गणपती झाले, आणि दिल्लीहून काही नाही. हा काळ सगळ्यात कठीण होता, कारण करण्यासारखे काही नव्हते. आलेल्या सूचना मंत्रालय विश्वासाने स्वतःकडे ठेवील, कोणालाही उघड करणार नाही आणि नियम अंतिम झाल्यावर नावे न देता एकत्रित सारांश देईल, असे सुरुवातीलाच सांगितले होते. त्यामुळे देशातल्या दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयाने आमच्यासारखेच काही म्हटले आहे का, हे कळायला मार्ग नव्हता.

या रिकाम्या महिन्यांत मी इतर ठिकाणी काय चालते ते वाचत राहिले. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, आलेली मते संकेतस्थळावर टाकते आणि त्यांवर प्रतिमते मागवते. २०१५ साली इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला समान वागणूक देण्याच्या (नेट न्यूट्रॅलिटी) प्रश्नावर ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले; त्यानंतर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास मनाई करणारा विनियम आला. पण त्याच वेळी मते जशीच्या तशी प्रसिद्ध झाल्याने लिहिणाऱ्यांचे ईमेल पत्तेही उघडे पडले होते. व्यक्तिगत माहितीच्या कायद्याविषयीच्या सूचना गुप्त ठेवाव्यात असे मंत्रालयाला का वाटले असेल, हे त्यावरून मला समजू शकते. तरीही माझे मत असे आहे की नावे झाकावीत आणि मजकूर उघडा ठेवावा. उघड्या मजकुरामुळे इंदूरचे वाचनालय आणि वडोदऱ्याचे पाळणाघर यांना आपली अडचण एकच आहे हे मुदतीच्या आतच समजले असते, आणि दोघांनी मिळून एक चांगला मजकूर सुचवला असता.

वाचणाऱ्याच्या बाजूचाही विचार मी तेव्हाच पहिल्यांदा केला. कंपनी व्यवहार मंत्रालयाने मे २०२१ मध्ये एमसीए-२१ या आपल्या ऑनलाइन व्यवस्थेच्या तिसऱ्या आवृत्तीत ई-सल्लामसलतीची सोय सुरू केली, तेव्हा आलेल्या मतांची वर्गवारी आणि त्यांचा सूर ओळखणे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने होईल असे जाहीर केले होते. हजारो मते वाचायची तर अशी मदत लागणारच. माझी चिंता वेगळी आहे. यंत्र एकसारखी हजार मते एका ढिगात चटकन लावील, पण टेबलासमोर उभ्या असलेल्या आईविषयीचे एकच मत ते कुठे लावणार? ढिगातल्या संख्येवरून महत्त्व ठरवले, तर ज्याची अडचण वेगळी आहे तोच मागे पडतो. म्हणून सारांश यंत्राने केला तरी एकट्या पडलेल्या मतांची यादी माणसाने स्वतः वाचायला हवी, आणि ते वाचणाऱ्याला कायदा, आकडेवारी आणि लोकांचे जगणे या तिन्हींची जाण हवी.

हे शिक्षण सरकारी नोकरांना मिळत नाही असे मी म्हणणार नाही. मिशन कर्मयोगी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या योजनेला मंत्रिमंडळाची मंजुरी २ सप्टेंबर २०२० रोजी मिळाली, आणि त्याखालच्या आयगॉट व्यासपीठावर आता कर्मचारी स्वतःच्या मोबाइलवर अभ्यासक्रम करतात. आमच्या वाचनालयात पालक म्हणून येणाऱ्या एका वहिनी राज्य शासनाच्या खात्यात आहेत. त्यांनी मला त्यातल्या काही पाठांचे विषय सांगितले: माहिती हाताळणे, सायबर सुरक्षा, टिपण लिहिणे. त्यांच्या खात्यात आता तक्ते स्वतः वाचता येणाऱ्याला बैठकीत बोलावतात, पूर्वी टंकलेखन चांगले असलेल्याला बोलावत. पण नागरिकाने लिहिलेले वाचून त्याला उत्तर कसे द्यावे, असा पाठ त्यांच्या पाहण्यात आला नव्हता. असा पाठ व्हावा असे मला मनापासून वाटते.

अंतिम नियम १३ नोव्हेंबर २०२५च्या अधिसूचनेने आले आणि १४ तारखेला सरकारने ते जाहीर केले. सल्लामसलतीत एकूण ६,९१५ सूचना आल्याचे त्याच वेळी सांगितले गेले. दिल्ली, मुंबई, गुवाहाटी, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर आणि चेन्नई इथे प्रत्यक्ष बैठकाही झाल्या होत्या. मध्यप्रदेशातले एकही शहर त्या यादीत नाही, आणि म्हणूनच आमच्यासाठी संकेतस्थळाची वाट महत्त्वाची होती.

त्या संध्याकाळी मी मसुदा आणि अंतिम नियम समोरासमोर ठेवून वाचले. आपण सूचना पाठवली असेल तर हे कष्ट घ्यावेतच, कारण काय बदलले हे आपल्याला कोणी पत्राने कळवत नाही. नियमांची संख्या २२ वरून २३ झाली होती. अपंग व्यक्तींच्या पालकांच्या संमतीचा भाग मुलांच्या नियमातून काढून स्वतंत्र नियमात ठेवला होता, आणि तक्रारींना उत्तर देण्यास कमाल ९० दिवसांची मर्यादा आली होती. ग्रंथालय हा शब्द मला चौथ्या अनुसूचीत सापडला नाही. वाईट वाटले. आमची सूचना कोणी वाचली का, वाचून काय कारणाने बाजूला ठेवली, एवढे एका ओळीत कळले असते तरी नकार मी समजुतीने घेतला असता. अण्णांनी मात्र फाइल मागून घेतली आणि चार रकान्यांचा तो कागद कपाटात नीट लावून ठेवायला सांगितला. नियमांत दुरुस्त्या होत असतात, तेव्हा पुन्हा लागेल, एवढेच म्हणाले.

संमती, सुरक्षितता आणि मुलांविषयीचे नियम अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. तोवर आम्ही शीट आवरायला घेतली आहे. मुलाच्या शाळेचे नाव आम्हाला कशासाठी हवे, या प्रश्नाला कार्यकारिणीत कोणालाही उत्तर देता आले नाही, म्हणून तो रकाना काढून टाकला. शीट उघडण्याची परवानगी आता फक्त ग्रंथपाल आणि कार्यवाह यांना आहे. पालकांसाठी मराठी आणि हिंदी अशी एका पानाची सूचना तयार होत आहे. कोणती माहिती घेतो, कशासाठी घेतो, संमती मागे कशी घ्यावी आणि तक्रार कोणाकडे करावी, हे तीत येईल. तिचा मजकूर मी करत आहे आणि पुण्याचा भाचा तो अधिनियमाच्या कलम ५ शी ताडून पाहत आहे. दुसऱ्या संस्थांना ती प्रत हवी असल्यास आनंदाने देऊ.